वाढत्या अंगाचं : एका लुगड्याचा, पाळण्याचा आणि बाळुत्यांचा इतिहास

ताई सातव्या महिन्यात पुण्याहून माहेरी आली, तेव्हा तिच्या फोनमध्ये एक यादी होती. बाळाची खाट, बाबागाडी, वॉकर, उंच खुर्ची, डायपर, कापडी डायपर (बांबूचे), अंथरायचं, पांघरायचं आणि हे सगळं ठेवायला एक कपाट. बेरीज 48 हजारांच्या पुढे. आजीनं यादी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाली, "तान्ह्याला नवं कापड टोचतंय. माळ्यावरची ट्रंक काढा आधी."

मी रसायनशास्त्राचा एम.एस्सी. आहे आणि माझं पीएच.डी.चं काम कापसाच्या तंतूवर चाललंय. कापड वर्षानुवर्षं धुतलं, पिळलं, उन्हात वाळवलं की तंतूच्या आत काय बदलतं, हा माझा प्रश्न. त्यामुळे आजीचं वाक्य ऐकून मी हसलो नाही. नवं कापड खरंच टोचतं, आणि त्याची कारणं सांगता येतात. पण ट्रंक उघडल्यावर जे निघालं, त्यानं मला माझ्या विषयाच्या जरा बाहेर, इतिहासाकडे नेलं. आजची नोंद त्याबद्दल आहे. ताईच्या यादीचं शेवटी काय झालं तेही सांगतो.

पुरावाच न उरणारी वस्तू

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर रोजच्या वापरातल्या वस्तूंची केवढी श्रीमंती दिसते. दिवे, अडकित्ते, दारं, भांडी, खेळणी. आपल्या आज्या-पणज्यांचं घर कसं होतं हे समजायला त्याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. पण बाळाच्या सामानातली सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू कुठल्याही संग्रहालयात शोधून सापडणं अवघड. ती म्हणजे बाळुतं. ज्यात बाळाला गुंडाळायचं, जे त्याच्याखाली घालायचं, जे दिवसातून दहा-बारा वेळा ओलं व्हायचं ते.

कारण साधं आहे. बाळुतं संपेपर्यंत वापरलं जायचं. चांदीचा वाळा उरतो, सागवानी पाळणा उरतो, पितळी खुळखुळाही उरतो. फडकं उरत नाही. जी वस्तू पूर्ण वापरली गेली ती मागे काहीच ठेवत नाही, आणि त्यामुळे काटकसरीचा इतिहास लिहिणाऱ्याची फार पंचाईत होते. श्रीमंतांच्या घरातलं जपलेलं सामान बघून आपण 'पूर्वीचं बाळंतपण' रंगवतो, पण बहुतेक घरांत ते तसं नव्हतंच.

मग उरतं काय? एक, भाषा. बाळुतं, दुपटं, लंगोट, झबलं, टोपडं, कुंची, लाळेरं हे शब्द बघा. बाळाच्या कपड्यांसाठी आपल्याकडे इतके वेगवेगळे शब्द आहेत, कारण प्रत्येकाचं काम वेगळं होतं. आणि त्यांच्याच शेजारी दुसरी रांग उभी असते: जुनेर, धडपा, पटकूर, पोतेरं. ही जुन्या कापडाच्या उतरत्या पायऱ्यांची नावं. जुनं नेसूचं लुगडं म्हणजे जुनेर, आणि चुलीपुढची जमीन सारवायचं ते पोतेरं. या दोन टोकांच्या मधोमध बाळ वाढत होतं.

दुसरा पुरावा मला ट्रंकेत मिळाला. वाकळ.

वाकळ उसवताना

गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. ट्रंकेतली वाकळ एका कडेनं उंदरानं कुरतडलेली होती. आजीची परवानगी घेऊन मी ती तेवढ्याच भागात उसवली. वरच्या थराला गुळगुळीत, फुलाफुलांची साडी. तिच्याखाली आणखी एक, मग खडबडीत सुती, मग काठ विटलेलं इरकली लुगडं आणि अगदी आत लहान लहान चौकोनी तुकडे. ते तुकडे म्हणजे बाळुतीच होती. दोन-तीन थर एकत्र घेऊन शिवलेली, इतकी विरलेली की उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसावं.

प्रत्येक थराचा एक-एक धागा काढून मी जाळून पाहिला. ही प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी आणि स्वस्त चाचणी. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो, मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टरचा धागा आधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. आतले सगळे थर राख झाले. वरच्या दोन थरांचे मणी झाले.

एका वाकळीवरून इतिहास सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण प्रश्न तर मिळाला: आतून बाहेर येताना, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे येताना, कापूस कुठे आणि का संपला?

एक लुगडं किती बाळांना पुरतं?

आधी साधा हिशेब करू. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार. एक वार 91 सेंटिमीटरचा, म्हणजे लांबी झाली साधारण 8.2 मीटर. पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्यातून 55 सेंटिमीटरचे चौकोन फाडले तर लांबीत 14 आणि रुंदीत 2, असे 28 निघतात. नेसून नेसून विरलेला, फाटलेला भाग वगळला तरी वीसएक मिळायला हरकत नाही. काठ वेगळे काढून त्यांच्या पट्ट्या किंवा बंद व्हायचे. पदर जाड असला तर त्याचं दुपटं. म्हणजे घरातल्या दोन बायकांची दोन जुनेरं आणि एखादं धोतर एवढ्यात एका बाळाचं पहिलं वर्ष निघायचं.

आता 'जुनंच का' याकडे येतो. विणताना तंतू तुटू नयेत म्हणून ताण्याच्या सुताला खळ लावतात. शिवाय कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. कोरं कापड पाण्यात टाकलं तर ते पटकन भिजत नाही, त्याचं कारण हे. धुण्याधुण्यातून खळ आणि मेण निघून जातं, सूत मोकळं होतं, कापड पाणी ओढायला लागतं आणि अंगाला मऊ लागतं. हवेत दमटपणा मध्यम असताना कापूस स्वतःच्या वजनाच्या 7-8 टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिस्टर धरतं 0.4 टक्के. म्हणून नायलॉन-पॉलिस्टरच्या जुन्या साडीचं बाळुतं होत नाही. ओल कापडात न मुरता बाळाच्या अंगालाच राहते.

कापसाचा आणखी एक गुण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: ओला झाल्यावर त्याचा तंतू आणखी मजबूत होतो. दगडावर आपटून, धोपटण्यानं बडवून ते इतकी वर्षं टिकतं यात या गुणाचा मोठा वाटा आहे. व्हिस्कोसचं उलटं होतं, ओलं झालं की त्याची ताकद बरीच घटते. ताईच्या यादीतले 'बांबूचे' कापडी डायपर बहुतेक वेळा या व्हिस्कोसचेच असतात. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून त्याचा धागा काढलेला असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2009 मध्ये अशा कापडाला नुसतं 'बांबू' म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. बांबू वाईट नाही, पण या धाग्यात बांबूचा गुण फारसा उरलेला नसतो.

कापड कुठून यायचं

आपला कोल्हापूर परिसर या बाबतीत नशीबवान. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. तिथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्याला पाठबळ दिलं. दोनच वर्षांनी, 1906 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिलची मुहूर्तमेढ रोवली. इरकली लुगडी खालून, कर्नाटकातल्या इलकलहून यायची. म्हणजे सुती कापड हाताशी होतं.

पण हाताशी असणं आणि परवडणं या दोन गोष्टी वेगळ्या. दुसऱ्या महायुद्धात कापडाची इतकी टंचाई झाली की सरकारला 1943 मध्ये कापड आणि सूत नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द आमच्या घरात आजही आहे. माझ्या पणजीची बाळंतपणं त्या काळातली. आजी सांगते, की तिच्या सासूनं एका जावेच्या बाळाची बाळुती धुऊन, घडी घालून दुसऱ्या जावेला दिली, तिनं तिसरीला. तिसऱ्या बाळानंतर जे उरलं ते वाकळीच्या पोटात गेलं. आज आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो ती तेव्हा विचारसरणी नव्हती. नवं मिळतच नव्हतं.

रूढीही या काटकसरीला मदत करत होती. बाळ जन्माला येण्याआधी नवीन खरेदी करायची नाही. पहिलं झबलं जुन्या कापडाचं, शक्यतो एखाद्या धट्ट्याकट्ट्या मुलाच्या अंगावर वाढलेलं. नवं जे यायचं ते बाळंतविड्यातून, बारशाच्या सुमाराला. यामागे अपमृत्यूची भीती होती, दृष्टीची भीती होती. पण परिणाम असा व्हायचा, की पहिले काही दिवस, जेव्हा कातडी सगळ्यात नाजूक असते, तेव्हा बाळाच्या अंगावर शंभरदा धुतलेला कापूस असायचा.

आणि कपडे शिवायचे ते 'वाढत्या अंगाचे'. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. शिंप्याला सांगायचं, "अंगाबरोबर नको, वाढत्या अंगाचं शीव." झबल्याला गुंड्यांऐवजी बंद, म्हणजे छाती रुंदावली तरी गाठ सैल बांधता येते. परकराला खाली रुंद दुमड, दरवर्षी बोटभर सोडायची. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक या रचनाकारानं 1972 मध्ये 'ट्रिप ट्रॅप' नावाची खुर्ची केली. तिची बैठक आणि पायाची फळी वरखाली सरकवता येते, त्यामुळे मूल मोठं होत जातं तशी तीच खुर्ची पुरते. जगभर तिचं कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. त्या खुर्चीतली युक्ती आणि आजीच्या परकराची दुमड यांत मला फरक दिसत नाही.

पाळणा कुणाच्याच मालकीचा नसतो

लाकडाची गोष्ट थोडी वेगळी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या पुस्तकात बलुतेदारांचं जे चित्र आहे त्यात सुतार अगदी वरच्या ओळीत येतो. नांगर-कुळव दुरुस्त करणारा हाच हात घरातला पाळणा आणि पांगुळगाडा करायचा. पाळणा महाग असायचा, म्हणून प्रत्येक घरी नसायचा. गरिबाघरी झोळी: जुनेराची दोन टोकं आढ्याला बांधली की झाली. शेतात बाभळीच्या फांदीला, ऊसतोडीच्या फडात बैलगाडीच्या खाली. आजही हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या तळावर गेलात तर झोळी दिसेल.

ज्यांच्याकडे पाळणा होता त्यांच्याकडून तो भावकीत फिरायचा. तो विकत नसत. आमचा पाळणा माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळी केलेला. त्यात आजवर किती पोरं झोपली हे मोजायला बसलो तेव्हा आजी, आई आणि आत्या यांची यादी 17 वर येऊन थांबली, आणि तिथून भांडण सुरू झालं. वस्तूचं आयुष्य वर्षांत न मोजता बाळांत मोजलं, तर प्रत्येक बाळामागे त्या झाडाचा किती थोडा भाग येतो बघा.

साखळी कुठे तुटली

आता वाकळीच्या वरच्या थरांकडे. माझ्या समजुतीप्रमाणे ही साखळी डायपरनं तोडली नाही, ती साडीनं तोडली. 1970-80 च्या दशकांत कृत्रिम धाग्याच्या साड्या घरोघरी पोचल्या. धुवायला सोप्या, इस्त्री नको, रंग जात नाही, वर्षानुवर्षं फाटत नाहीत. 1982 मध्ये मुंबईचा गिरणी संप झाला, 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्याला मोकळं रान दिलं. त्याच काळात नऊवारी जाऊन पाचवारी आणि मग ड्रेस आला. बायकांच्या दृष्टीनं ही सुटका होती, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण घरातला जुनेराचा पुरवठा आटला. माझ्या आईच्या बाळंतपणात (म्हणजे आमच्या वेळी) आजीची उरलेली लुगडी कामी आली. ताईच्या बाळासाठी आईच्या कपाटात सुती जुनेर एकही नाही. सगळ्या साड्या मणी होणाऱ्या.

ही पोकळी डायपरनं भरून काढली. त्याचाही इतिहास एका वैतागलेल्या आईपासून सुरू होतो. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी 1946 मध्ये न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून लंगोटावरचं न गळणारं आवरण शिवलं. 1961 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं 'पॅम्पर्स' बाजारात आणलं. खरी उडी 1980 च्या दशकातली. तेव्हा डायपरच्या पोटात सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेटची पावडर आली. शुद्ध पाणी ती स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट शोषते. लघवीत क्षार असतात, त्यामुळे तिथे ही क्षमता बरीच उतरते, पण तरीही 30 पटींच्या घरात राहते. दाबलं तरी पाणी परत सुटत नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या पावडरचं कौतुकच आहे. आपल्याकडे 1990 च्या दशकात डायपर शहरांत रुळला, आणि 'हगीज' हे एका कंपनीचं नाव सगळ्याच डायपरांचं नाव होऊन बसलं.

धुणार कोण?

इथवर मी घरात मोठ्या उत्साहानं सगळं सांगत होतो. ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळुती धुवायला तू येणार हैस काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नव्हता.

आजीला विचारलं. रंकाळ्याजवळ 'धुण्याची चावी' नावाची जागा आहे, नावातच तिचं काम आलं. तिथे, नदीवर, विहिरीवर, परसातल्या दगडावर ही बाळुती धुतली ती बायकांनी. ओल्या बाळंतिणीला पाण्यात हात घालू द्यायचा नाही, मग ते काम घरातल्या दुसऱ्या बाईकडे, नाहीतर पैसे किंवा धान्य देऊन लावलेल्या बाईकडे. विटाळाच्या कल्पनेमुळे हे काम पुष्कळदा ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्याच पदरात पडायचं. आषाढात कपडे वाळेनात की शेगडीवर बुरडाचं डालगं उपडं घालून त्यावर बाळुती पसरायची. त्या धुरात बसून ती उलटीपालटी करणारीही बाईच. "रात्री दोनदा उठून वाळलीत का बघायची," आजी म्हणाली. "आजोबा?" मी विचारलं. ती नुसती हसली.

जुनी पद्धत 'पर्यावरणपूरक' होती असं आपण म्हणतो तेव्हा तिचा निम्मा खर्च कुणी उचलला होता हे सांगत नाही. डायपर घेणाऱ्या आईला आळशी म्हणणाऱ्यांनी एक महिना धोपटणं हातात घ्यावं.

पण डायपरनंही काम संपवलेलं नाही, ते दुसऱ्या हातांवर ढकललं आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरले. ते गुंडाळून वेगळे द्यायचे, आणि त्यासाठी पिशवी पुरवायची जबाबदारी त्या नियमांनी उत्पादकांवरही टाकली होती. प्रत्यक्षात आपल्या गल्लीतल्या घंटागाडीकडे दोन मिनिटं बघा. किती घरं वेगळं देतात? बाकीचं हातानं वेगळं करणारा माणूस आपल्याला दिसत नाही इतकंच. बाहेरचं प्लॅस्टिक आणि आतला पॉलिमर दोन्ही कुजत नाहीत. कसबा बावड्याच्या कचरा डेपोवर जे जातं ते ताईच्या बाळाच्या नातवंडांपर्यंत तिथेच राहील.

मग चांगलं काय?

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2008 मध्ये यावर केलेल्या अभ्यासाचे आकडे मला उपयोगी वाटले. एका बाळाच्या अडीच वर्षांत फेकायच्या डायपरांमुळे साधारण 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, आणि कापडी लंगोटांमुळे सरासरी 570 किलो. म्हणजे जवळपास सारखाच! कापडीवाले इथे निराश होतात. पण पुढे वाचायचं. यंत्र पूर्ण भरून धुतलं, ड्रायर न वापरता बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडीचा आकडा 40 टक्क्यांनी खाली येतो. उलट सारखा ड्रायर लावला तर तो डायपरच्या वर जातो.

आकडे तिथल्या विजेचे आणि तिथल्या सवयींचे आहेत, जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. वस्तू कापडाची की प्लॅस्टिकची यापेक्षा ती किती बाळांना पुरते आणि कशी वाळते हे जास्त महत्त्वाचं. गच्चीवरचं ऊन आणि भावकीतलं पुढचं बाळ, या दोन्ही गोष्टी कोल्हापुरात फुकट मिळतात.

पैशांचंही बघू. दिवसाला 5 डायपर, एक 10 रुपयांना धरला तर दोन वर्षांत 3,650 डायपर आणि 36,500 रुपये. निम्मे जरी कापडावर भागवले तरी 18 हजार वाचतात. पाणी, साबण आणि वीज यांचा खर्च त्यातून वजा करा, तरी बरंच उरतं.

जुनं सगळंच जपायचं नाही

आता मला सगळ्यात जास्त छळलेला भाग. आमच्या पाळण्याला हिरवा तेलरंग आहे, एकावर एक चार थरांचा. जुन्या पिवळ्या-हिरव्या तेलरंगांत लेड क्रोमेट म्हणजे शिशाचं संयुग सर्रास असायचं. आपल्याकडे रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारा नियम 2016 मध्ये निघाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा कुठलाही रंग संशयितच धरायचा. दात येणारं बाळ पाळण्याची कड चावतं, आणि शिशाची 'इतकी चालते' अशी सुरक्षित मात्रा माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. 17 बाळांचा पाळणा म्हणून मी भावुक झालो होतो, पण तो रंग तसाच ठेवून बाळाला आत घालणं मला जमलं नसतं.

पॉलिश पेपरनं कोरडं घासणं ही सगळ्यात मोठी चूक. शिशाची धूळ घरभर होते. आम्ही पाळणा घराबाहेर नेऊन, रंग काढायचं रसायन लावून, ओला ठेवून खरवडला. मास्क लावला, खरवड गोळा करून बंद डब्यात ठेवली, आणि ताईला त्या दिवशी आत्याकडे पाठवलं. खाली सागवान निघालं. त्याला आता नुसतं जवसाचं तेल.

झोळीचंही तसंच. तान्ह्यासाठी, माणूस समोर असताना ठीक. पण मूल बसायला, उभं राहायला लागलं की ती सोडून ठेवायची. मोठी मुलं झोळीत खेळताना गळ्याला फास बसल्याच्या दुर्घटना आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. जड वाकळ अंथरायला ठीक, पण तान्ह्याच्या तोंडाजवळ नको. शेगडीचा धूर तर नकोच. आणि चाकांच्या बैठकीचा वॉकर कॅनडानं 2004 मध्ये बंदच केला, कारण त्यात बसून मूल जिन्यावरून कोसळतं. पांगुळगाडा निराळा. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. तरी लक्ष हवंच.

यादीचं काय झालं

घरात दोन रविवार बैठक झाली. ठरलं ते असं. पाळणा आमचा, दोर नवा. पांगुळगाडा आत्याकडून. उंच खुर्ची आत्ता नाही, बाळ बसायला लागल्यावर ओळखीच्या कुणाकडून वापरलेली. बाबागाडी पुण्यात लागेल म्हणून तिथलीच जुनी. जुनेर नाही, मग इचलकरंजीहून साधं सुती मलमल आणलं, आठ दिवस रोज गरम पाण्यातून काढून वाळवलं. खळ उतरली का ते पाहायला पाण्याचा थेंब टाकून बघायचा: लगेच मुरला तर तयार. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव वापरायचं नाही, ते तंतूवर थर देतं आणि कापड ओल ओढेनासं होतं. रात्री, प्रवासात आणि मुसळधार पावसाच्या दिवसांत डायपर, कागदात गुंडाळून वेगळे. बांबू रद्द.

आणि धुणं. फ्रिजवर तक्ता लावलाय. सकाळची पाळी माझी, संध्याकाळची वडिलांची, पुण्याला गेल्यावर दाजींची. वडिलांनी आयुष्यात कधी लंगोट धुतलेला नाही. आजीनं त्यांना परवा परसातल्या दगडावर प्रात्यक्षिक दिलं. यंत्र असताना दगड कशाला, असं ते म्हणत होते. "आधी हातानं खळबळायला लागतंय, मग यंत्रात," आजी म्हणाली. रसायनशास्त्रही तेच सांगतं, पण मी मध्ये बोललो नाही.

वाकळ मी पुन्हा शिवायला घेतलीय. आतली बाळुती होती तशी आतच ठेवली. फक्त एक तुकडा, बोटभर लांबीचा, पाकिटात घालून प्रयोगशाळेत नेलाय, कारण तीन बाळं आणि साठ-सत्तर वर्षं पाहिलेला कापूस मला दुसरीकडे कुठे मिळणार? आजीनं तो देताना विचारलं, "परत आणशील न्हवं?"

आणीन म्हणालोय.